एमजीबीचे वर्ष आधी विचारा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

एमजीची सायबरस्टर ही विजेवर चालणारी दोन आसनी गाडी २०२५ मध्ये भारतात विक्रीला आली आणि तिच्या निमित्ताने एमजीबी या जुन्या ब्रिटिश रोडस्टरचे, म्हणजे उघड्या दोन आसनी गाडीचे, नाव पुन्हा निघू लागले. मोटारींच्या पुरवण्यांत अशा गाडीचा फोटो येतो तो बहुधा ‘विंटेज रोडस्टर, आतून पूर्ण मॉडर्न’ या थाटात. रंग, चामड्याच्या सीट, हॉर्सपॉवर यांबद्दल लिहिले जाते. गाडी कोणत्या वर्षाची, मूळ इंजिन कोणते, पत्रा कुठे कापला, याचा मात्र उल्लेख नसतो. जुन्या इंग्लिश गाड्यांवर काम करणाऱ्या आम्हा मंडळींना ही उणीव बोचते. वर्ष कळल्याशिवाय एमजीबीला कोणता नवा भाग मानवेल हे सांगताच येत नाही, आणि हौसेपोटी एकदा कापलेली बॉडी पूर्ववत होत नाही. म्हणून हे थोडे सविस्तर पत्र.

ऑक्सफर्डच्या मॉरिस गॅरेजेसमध्ये सेसिल किंबर यांनी सुरू केलेली एमजी १९२९ पासून ॲबिंग्डनच्या कारखान्यात तयार होत असे. तिथेच १९६२ मध्ये एमजीबी आली. सिड एनेवर मुख्य अभियंता होते आणि बॉडीची रेखा डॉन हेटर यांची. आधीच्या एमजीएला वेगळी चॅसी होती, एमजीबीला ती नाही. तिची बॉडी हीच तिची चॅसी. पुढचे सगळे बोलणे या एका गोष्टीवर उभे आहे.

इंजिन बीएमसीचे (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे) बी-सिरीज, १७९८ सीसी, दोन एसयू एचएस-४ कार्बोरेटर, कारखान्याच्या आकड्याप्रमाणे ९५ हॉर्सपॉवर. इथे आपल्या वाचकांना एक ओळखीची खूण सांगता येईल. आपल्या अँबॅसिडरचे १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन याच घराण्यातले. दोघांचा स्ट्रोकही (पिस्टनची धाव) एकच, ८८.९ मिमी, बोअर (सिलिंडरचा व्यास) मात्र अँबॅसिडरचा ७३ आणि एमजीबीचा ८०.२६ मिमी. त्यामुळे अँबॅसिडर हाताळलेल्या जुन्या मिस्त्रीला एमजीबीचे इंजिन परके वाटत नाही. पण घराणे एक म्हणून सुटे भाग एक, असे समजू नये. पिस्टन आणि बेअरिंग एकाचे दुसऱ्याला चालत नाहीत.

आता वर्षांचे बघू. १९६४ च्या ऑक्टोबरपर्यंतच्या इंजिनात क्रँकला तीन मेन बेअरिंग होती, त्यानंतर पाच झाली. तीन बेअरिंगचे इंजिन फिरायला हलके असते, पण जास्त ताकद काढायची असेल तर पाच बेअरिंगचेच घ्यावे. दुसरा आणि सर्वांत मोठा बदल १९६७ चा. त्या वर्षीच्या मार्क टू या सुधारित आवृत्तीत पहिल्या गिअरलाही सिंक्रोमेश (गिअर खरखर न करता पडू देणारी रचना) आला, डायनॅमोच्या जागी आल्टरनेटर आला, पॉझिटिव्ह अर्थ (बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले) जाऊन निगेटिव्ह अर्थ (ऋण टोक बॉडीला) आली आणि गिअरबॉक्सवरचे टनेल रुंद झाले. १९६७ च्या आधीच्या इंजिनाला नंतरची गिअरबॉक्स जोडायची तर इंजिनामागची प्लेट, फ्लायव्हील आणि स्टार्टरही बदलावे लागतात. शिवाय अरुंद टनेलमध्ये ती मोठी पेटी बसत नाही. ‘मार्क टूची गिअरबॉक्स टाका, झाले’ असा सल्ला मिळतो आणि काम अर्ध्यावर अडते ते इथे.

तिसरे वर्ष १९७४. अमेरिकेच्या बंपरविषयक नियमांसाठी त्या वर्षाच्या उत्तरार्धात काळे रबरी बंपर आले आणि गाडी साधारण इंचभर उचलली गेली. रोडस्टरचा पुढचा अँटी-रोल बारही काढला गेला. वळणावर ती गाडी झुकू लागली. दोन वर्षांनी पुढे-मागे बार देऊन कारखान्याने चूक सावरली. सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांच्या जागी बारा व्होल्टची एक बॅटरी आली तीही याच सुमारास. अमेरिकेला गेलेल्या गाड्यांत तर दोन एसयू जाऊन एकच झेनिथ-स्ट्रॉम्बर्ग कार्बोरेटर राहिला. ऑक्टोबर १९८० मध्ये ॲबिंग्डनचा कारखाना बंद झाला, तोवर रोडस्टर आणि बंद छपराची जीटी मिळून पाच लाखांहून अधिक गाड्या निघाल्या होत्या. एवढ्या संख्येमुळेच आजही तिचा जवळजवळ प्रत्येक भाग नवा मिळतो. १९८८ पासून तर ब्रिटिश मोटर हेरिटेजने जुन्या डायांवर अख्खी बॉडी पुन्हा काढायला सुरुवात केली.

नवे काही बसवण्याआधी सिल तपासावेत. दाराखालचा हा लांब पेटीसारखा भाग बाहेरून एका पत्र्याचा दिसतो, पण तो तीन पत्र्यांचा असतो: बाहेरचा सिल, मधला उभा पत्रा आणि खालचा कॅसल रेल. वर छप्पर नाही, त्यामुळे पुढची आणि मागची गाडी जोडून धरण्याचे बहुतेक काम हे सिलच करतात. मुंबई-कोकणच्या दमट हवेत ते आतून सडतात आणि बाहेरून रंग छान दिसत राहतो. तपासणी सोपी आहे. गाडी चाकांवर उभी असताना दाराच्या मागच्या कडेची फट वरून खालपर्यंत पाहावी. मग मागची बाजू जॅकवर घेऊन दार उघडून लावून बघावे. फट वर आवळत असेल किंवा दार अडकत असेल तर कणा मोडला आहे. अशा गाडीत जास्त ताकदीचे इंजिन बसवणे धोक्याचे आहे.

सिल बदलताना होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. जुन्या सडक्या सिलवर नवा पत्रा चढवून कडेने वेल्डिंग करणे ही पहिली. आतली सड तशीच राहते आणि दोन पावसाळ्यांत वर येते. दुसरी चूक कमी लोकांना ठाऊक असते. सिल दाराखाली संपत नाही, तो पुढच्या मडगार्डच्या आत आणि मागच्या मडगार्डच्या खाली पुढे जातो. दिसतो तेवढाच तुकडा बदलला तर नवा सिल दोन्ही टोकांना कशालाच धरलेला नसतो. पुढचे मडगार्ड बोल्टवर आहे, ते खोलावे. मागच्या मडगार्डची खालची पट्टी कापावी आणि काम झाल्यावर तिथे दुरुस्तीचा तुकडा लावावा. तिसरी चूक, दोन्ही बाजू एकदम उघडणे. गाडी सपाट जमिनीवर, वजन ॲक्सलवर. बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत लोखंडी नळीचा आधार वेल्ड केलेला. आणि एकावेळी एकच बाजू, असे काम करावे. निदान १.२ मिमीचा पत्रा घ्यावा. कडेला ६ मिमीची भोके पाडून प्लग वेल्ड करावेत. आधी थोडे टाके मारून दार लावून बघावे, फट जुळली तरच पुढे जावे. शेवटी पाणी निघण्याची भोके मोकळी करून पेटीत आतून मेणाचा फवारा द्यावा. या कामाचा फोटो कुणी छापत नाही, पण गाडीच्या किमतीतला सर्वांत मोलाचा खर्च हाच.

यानंतर पाचव्या गिअरचा मोह. फोर्ड सिएराची टाइप-९ किंवा माझदा एमएक्स-५ ची पाच गिअरची पेटी बसवण्याचे किट ब्रिटनमध्ये मिळतात आणि ‘महामार्गावर इंजिन शांत चालेल’ म्हणून घेतले जातात. इथे आकडे पाहावेत. एमजीबीच्या ॲक्सलचे गिअर प्रमाण ३.९०९, म्हणजे चौथ्या गिअरमध्ये १००० आरपीएमला सुमारे २९ किमी वेग. ताशी १०० किमीला साधारण ३४७० आरपीएम. टाइप-९ चा पाचवा गिअर ०.८२ आहे, म्हणजे आरपीएम २८५० वर येतात. पण एमजीबीला कारखान्यातूनच लेकॉकचा ओव्हरड्राइव्ह (गिअरबॉक्सच्या मागे बसणारी, इंजिनाचे आरपीएम आणखी कमी करणारी जोडपेटी) मिळत असे आणि त्याचेही प्रमाण सुरुवातीच्या काळात ०.८०२, नंतर ०.८२. ओव्हरड्राइव्हची गाडी असेल तर पाचवा गिअर टाकून आरपीएम एकानेही कमी होत नाहीत. उलट टाइप-९ चा पहिला गिअर ३.६५, मार्क टूपासूनच्या मूळ पेटीचा ३.४४, म्हणजे पहिला गिअर आणखी लवकर संपतो. माझदाची पेटी या बाबतीत बरी, पहिला ३.१४ आणि पाचवा ०.८१. ज्या गाडीत ओव्हरड्राइव्ह नाही आणि मूळची पेटी झिजली आहे, तिलाच हा खर्च शोभतो. तिथेही प्रॉपेलर शाफ्टची लांबी, गिअरबॉक्सच्या मागचा आधार आणि स्पीडोमीटर यांचा हिशेब आधी करावा. स्पीडोमीटरच्या डायलवर बारीक आकडा छापलेला असतो. केबलचे किती फेरे म्हणजे एक मैल, हे तो सांगतो. त्याप्रमाणे मीटर जुळवून घेतले नाही तर वेग चुकीचा दिसतो.

ओव्हरड्राइव्ह चालत नाही म्हणून पेटी बदलायला निघालेल्यांनी आधी दोन गोष्टी बघाव्यात. गिअरबॉक्सवरच्या स्विचपासून सोलेनॉइडपर्यंत वीज पोचते का, आणि आत ऑइल कोणते आहे. १९६७ नंतरच्या चार सिंक्रोच्या पेटीत ओव्हरड्राइव्हसह सुमारे ३.४ लिटर २०डब्ल्यू-५० इंजिन ऑइलच लागते. गिअरबॉक्स म्हटली की आपल्याकडे सवयीने ९० नंबरचे गिअर ऑइल ओतले जाते. त्याने ओव्हरड्राइव्हचा क्लच घसरतो आणि पितळी भागही खराब होतात. बहुतेक वेळा बिघाड एवढाच निघतो.

व्ही-८ चा विषय निघतोच. रोव्हरचे ३५२८ सीसीचे ॲल्युमिनियम इंजिन मूळच्या लोखंडी चार सिलिंडरपेक्षा जड नाही, म्हणून ते एमजीबीला साजते. केन कॉस्टेलो यांनी हे आधी करून दाखवले आणि १९७३ ते १९७६ मध्ये कारखान्याने जीटी व्ही-८ च्या २५९१ गाड्या काढल्या, १३७ हॉर्सपॉवरच्या. व्ही-८ रोडस्टर मात्र ॲबिंग्डनने कधीच विक्रीला काढली नाही. ती आली १९९२ मध्ये, आरव्ही-८ म्हणून, हेरिटेजच्या बॉडीवर, ३.९ लिटर आणि १९० हॉर्सपॉवरची. सुमारे दोन हजार गाड्या झाल्या आणि त्यातल्या बहुतेक जपानला गेल्या. म्हणून १९६५ ची ‘मूळ व्ही-८ रोडस्टर’ असे कुठे वाचले तर ते इंजिन नंतर कुणीतरी बसवले आहे हे पक्के समजावे. हे काम करायचेच असेल तर रबरी बंपरची बॉडी घ्यावी, कारण तिचे इंजिनाचे खण व्ही-८ साठी आधीच बदललेले असतात. १९७४ पूर्वीच्या बॉडीत तोच खटाटोप पत्रा कापून करावा लागतो. ॲक्सल ३.९०९ चाच ठेवला तर प्रत्येक गिअर भराभर संपतो, कारखान्याने ३.०७ चा दिला होता. पुढचे ब्रेक कॅलिपरही तेव्हा मोठे केले होते. नुसते इंजिन घालून मूळचे १०.७५ इंची डिस्क आणि जुने होज तसेच ठेवलेली गाडी आमच्या मते रस्त्यावर येऊच नये.

ब्रेकच्या होजबद्दल एक सांगायला हवे. रबरी होज बाहेरून धडधाकट दिसतो आणि आतून सुजलेला असतो. ब्रेक दाबला तर लागतो, सोडला तरी सुटत नाही, किंवा गाडी एका बाजूला ओढते. लोक कॅलिपर बदलतात. खोट होजची असते. तिन्ही होज (पुढच्या चाकांचे दोन आणि मागच्या ॲक्सलकडे जाणारा एक) बदलून दर दोन वर्षांनी डॉट-४ फ्लुइड नवे भरणे ही स्वस्तातली सर्वांत चांगली सुधारणा.

सस्पेन्शनमध्ये पुढच्या ‘लिव्हर आर्म’ शॉकॲब्सॉर्बरचा हातच वरचा विशबोन असतो. तो काढून आजचा नळीचा शॉकॲब्सॉर्बर सरळ लावता येत नाही. संपूर्ण नवा पुढचा भाग घ्यावा लागतो, नाहीतर जुना भाग निव्वळ सांधा म्हणून ठेवून जोडीला नवा लावावा लागतो. त्यापेक्षा जुने उत्तम दुरुस्त करून घ्यावेत आणि खालच्या विशबोनला जीटी व्ही-८ चे चार बुश टाकावेत. त्यांचे नट मात्र गाडी चाकांवर उभी असताना आवळावेत. हवेत लटकत्या चाकावर आवळले तर रबर पीळ खाऊन बसते आणि लवकर फाटते. किंगपिनला (पुढचे चाक ज्यावर वळते त्या खिळ्याला) दर ५००० किमीला, चाक जमिनीवरून उचलून, प्रत्येक बाजूच्या तिन्ही निपलमधून ग्रीस द्यावे. तारांच्या चाकांवर ट्यूब हवीच आणि फार रुंद टायर नको, तारा सैल होतात.

वायरिंगमध्ये आग लागण्याइतकी चूक होऊ शकते, म्हणून थोडे थांबून. १९६७ च्या आधीची गाडी पॉझिटिव्ह अर्थची. तिला आजचा निगेटिव्ह अर्थचा इलेक्ट्रॉनिक इग्निशन, चार्जर किंवा म्युझिक सिस्टिम लावली की ती तत्क्षणी जळते. अर्थ बदलायची तर बॅटरीच्या तारा उलटवण्यावर भागत नाही. डायनॅमोला नव्या दिशेने पोलराइज करावे लागते, कॉइलच्या दोन तारांची अदलाबदल करावी लागते आणि आरपीएम मीटर आतून बदलावे लागते. इलेक्ट्रॉनिक इग्निशन घेताना कॉइलचा रोध मोजावा. आधीच्या गाड्यांना ३ ओहमची कॉइल. रबरी बंपरच्या गाड्यांत बॅलास्ट वायर (कॉइलकडे जाणारा व्होल्टेज कमी करणारी) आणि दीड ओहमची. ती बॅलास्टविना बारा व्होल्टवर लावली तर हात लावू नये इतकी तापते.

या गाडीच्या मूळ हेडलाइटला फ्यूजही नाही आणि रिलेही नाही. सगळा करंट डॅशबोर्डच्या स्विचमधून जातो. ६० वॉटचे दोन हॅलोजन म्हणजे १० अँपिअर. जुना स्विच त्यात वितळतो. एकेक रिले लो आणि हाय बीमला, प्रत्येकाला फ्यूज, आणि वीज थेट आल्टरनेटरकडून जाड वायरने. मूळचा आल्टरनेटर ३४ ते ४५ अँपिअरचा आहे. मोठा लावला तर बॅटरीकडे जाणारी तपकिरी वायरही जाड करावी, नाहीतर भार त्या वायरवर येतो. रेडिएटरचा विजेवरचा पंखाही रिलेवरच चालवावा.

आणि पेट्रोल. हा प्रश्न ॲबिंग्डनच्या कुणाच्या स्वप्नातही नव्हता, पण महाराष्ट्रात आज पंपावर इथेनॉल २० टक्के असलेले ई-२० मिळते. साध्या पेट्रोलला एका भागास १४.७ भाग हवा लागते, ई-२० ला सुमारे १३.५. जुन्या सेटिंगवर गाडी ‘लीन’, म्हणजे पातळ मिश्रणावर (पेट्रोल कमी, हवा जास्त), चालते, तापते आणि कार्बोरेटरमधून भडके घेते. एचएस-४ च्या खाली षटकोनी जेट नट असतो. तो वर टेकवून दोन पूर्ण फेरे, म्हणजे बारा कडा, खाली घ्यावा; इथून सुरुवात. मग गरम इंजिनवर कार्बोरेटरचा पिस्टन मिलिमीटरभर उचलावा. आवाज वाढून वाढलेलाच राहिला तर मिश्रण घट्ट, इंजिन गळपटले तर पातळ, क्षणभर वाढून जागेवर आला तर बरोबर. ई-२० साठी बहुधा एक-दोन कडा आणखी खाली जावे लागते, आणि चढावर तरीही पातळ वाटले तर नीडल बदलावी. पेट्रोलचे सगळे जुने रबरी होज काढून इथेनॉल सोसणारे, आर-९ दर्जाचे लावावेत. जुना रबर विरघळून त्याची काळी भुकटी फ्लोट व्हॉल्व्हमध्ये अडकते आणि कार्बोरेटर वाहू लागतो. इंजेक्शनच्या गाडीचा पंप इथे चालत नाही, एसयूच्या फ्लोटला ३ पीएसआयच्या आसपासचाच दाब झेपतो. इथेनॉल ओलावा शोषते. पावसाळ्यात दोन-तीन महिने गाडी उभी राहणार असेल तर टाकी आणि फ्लोट चेंबर रिकामे करावेत. टाकी वरच्या बाजूनेही सडते, कारण डिकीच्या तळाशी ती चिकटून असते आणि मधे ओल धरते. हेड उतरवले असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट कडक धातूच्या बसवून घ्याव्यात; शिसेविरहित पेट्रोलवर मूळच्या सीट खोल जातात आणि टॅपेट पुन्हा पुन्हा आवळत राहतात.

शेवटी ‘विंटेज’ या शब्दाबद्दल. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेली आणि मूळ रूपात राखलेली गाडीच ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येते. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात फेरफार केलेला चालत नाही. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, पुनर्नोंदणीची ५,०००, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे, आणि रोजच्या वापराला परवानगी नाही. क्रोम बंपरच्या सगळ्या एमजीबींनी पन्नाशी गाठली आहे. १९८० ची गाडी २०३० पर्यंत त्यात येत नाही. व्ही-८ घातलेली, टनेल कापलेली गाडी कितीही देखणी असली तरी या व्याख्येत बसत नाही. ब्रिटनच्या नोंदणी खात्याने आमूलाग्र बदललेल्या गाड्यांनी मूळ ओळख राखण्यासाठी किमान आठ गुण मिळवावेत अशी पद्धत लावली, तीत मूळ अखंड बॉडीला पाच गुण होते आणि इंजिनाला फक्त एक. तिथल्या लोकांनी कशाला किती किंमत दिली ते यावरून कळते.

तेव्हा अशा गाडीबद्दल छापताना फोटोखाली चार गोष्टी द्याव्यात, एवढी विनंती. निर्मितीचे वर्ष. इंजिन क्रमांकाची सुरुवातीची अक्षरे. १८जी किंवा १८जीए म्हणजे तीन बेअरिंगचे, १८जीबीपासून पुढे पाच. बदललेल्या भागांपैकी बोल्ट खोलून कोणते परत मूळचे करता येतात. आणि सिल कधी, कोणत्या पद्धतीने बदलले.

आपले नम्र,
जुन्या इंग्लिश मोटारींवर काम करणारे काही कारागीर आणि मालक, पुणे